वारीत नुसते पाणी पुरेल का?

प्रश्न : वडील अंबाजोगाईहून गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणार आहेत. बाटलीत घरचे काय द्यावे? त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे.

उत्तर : आधी गोळीचे पाहू. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, शरीरातले पाणी आणि क्षार कमी होतात. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना गोळी दाखवा, मिठाचे पाणी चालेल का तेही विचारा.

त्यांनी होकार दिला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप अंदाजाने नको. जास्त मीठ घातक ठरते. साखर चवीपुरती नाही. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषले जाते आणि त्यांच्यामागे पाणी. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीचे रुग्ण वाचवले. लिंबू पिळा, पण तांब्या-पितळेच्या भांड्यात भरू नका. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्या.

दिवसभर हेच नको. एरवी तहानेपुरते पाणी, जेवणात ताक. भरपूर घाम किंवा जुलाब झाले तर हे द्रावण घोटघोट. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर काही पाजू नका, सावलीत आडवे करून 108 ला फोन करा.