जोडून आलेली सुटी

युरोप खंडातील अनेक देश आकाराने लहान आहेत. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना आणि स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा ही दोन्ही शहरे डॅन्यूब नदीच्या काठी वसलेली असून त्यांच्यातील अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे. आगगाडीने तासाभरात एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत जाता येते. १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी काही देशांनी एक करार केला. पुढे तो आणखी अनेक देशांनी स्वीकारला. त्या करारामुळे या देशांच्या सीमेवर प्रवाशाला बहुधा अडविले जात नाही. म्हणून तिकडे दोन-तीन दिवसांची सुटी जोडून आली, की मित्रमंडळी अकस्मात बेत ठरवितात, पाठीवर पिशवी टाकतात आणि शेजारचा देश पाहून घरी परततात.

हे वाचून आपल्याला त्यांचा हेवा वाटतो. परंतु आमच्या हिंगणघाटपासून वर्धा, सेवाग्राम आणि पवनार ही तिन्ही स्थळे व्हिएन्ना व ब्रातिस्लाव्हा यांच्यातील अंतरापेक्षाही जवळ आहेत. ती पाहण्यासाठी परदेशांतून माणसे येतात. आम्ही मात्र ती पाहिली नव्हती. ती पाहण्याचा योग कसा आला, ते आता सांगतो.

कार्तिकी पौर्णिमा सोमवारी आली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि आम्हा चौघा मित्रांच्या मनात नागपूरला जाण्याचा विचार आला. मेट्रोत बसावे, सीताबर्डीचा बाजार पाहावा, असे ठरू लागले. महाविद्यालयात शिकणारा माझा थोरला भाऊ आमच्याबरोबर येण्यास तयार झाला. परंतु आमच्यातील एक जण गप्प होता. "माझे जमणार नाही. घरी काम आहे," एवढेच तो म्हणाला.

त्याच्या वडिलांची तीन एकर शेती आहे. कापसाची बोंडे फुटली होती आणि वेचणी चालू होती. नागपूरच्या खर्चाविषयी तो काही बोलला नाही. परंतु न बोललेलेही मित्रांना कळते.

दादा म्हणाला, "चौघांनी ठरविलेली सहल तिघांनी केली, तर ती चौघांची राहील का? आपण वर्ध्याला जाऊ. आत्याकडे उतरू. एस. टी.च्या भाड्याशिवाय फारसा खर्च नाही, आणि उद्या रात्री परत येऊ."

मित्राच्या आईने एका अटीवर परवानगी दिली. सोमवारी उजाडताच त्याने शेतात हजर असावे! दुपारच्या एस. टी.ने आम्ही पाचही जण निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र शेते पसरली होती.

वर्ध्याला पोहोचल्यावर आम्ही प्रथम मगन संग्रहालय पाहिले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी केले. खेड्यांतील उद्योगांची साधने येथे मांडून ठेवली आहेत. नाना प्रकारचे चरखे पाहून आम्ही थबकलो. कापसापासून सूत कसे होते, हे आम्हा तिघांना नीटसे सांगता येईना. तेव्हा आमचा शेतकरी मित्र पुढे झाला. "आधी कापसातून सरकी वेगळी काढायची. जी उरते ती रुई. रुई पिंजून तिचे पेळू करतात आणि पेळूतून सूत कातले जाते. रुईचा तंतू जितका लांब, तितके सूत बारीक निघते," असे त्याने समजावून सांगितले. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात नावाजलेला होता, ही माहिती दादाने तिला जोडली. ज्याने येण्यास नकार दिला होता, तोच आता आमचा वाटाड्या झाला होता!

रविवारी पहाटे आम्ही पायी सेवाग्रामकडे निघालो. हे अंतर सुमारे आठ किलोमीटर आहे. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्याला आले होते; १९३६ साली ते या खेड्यात राहावयास आले. गावाचे मूळ नाव सेगाव. शेगाव नावाचे दुसरे गाव असल्यामुळे टपालाचा घोटाळा होत असे, म्हणून १९४० साली या गावाला सेवाग्राम हे नाव देण्यात आले.

मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलू, अशी बापूंची कुटी आहे. देशाच्या स्वातंत्र्याचा विचार येथे चालला, यावर एकाएकी विश्वास बसत नाही. आश्रमात साप पकडण्याचा एक चिमटा ठेवलेला आहे. येथे सापाला मारीत नसत. पकडून दूर रानात सोडून देत. व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून बसविलेला दूरध्वनीही येथे पाहावयास मिळतो. एकीकडे साम्राज्याशी झुंज आणि दुसरीकडे सापाचीही काळजी! या दोन वस्तूंपुढे आम्ही बराच वेळ उभे होतो.

तिसऱ्या प्रहरी आम्ही पवनारला पोहोचलो. येथे धाम नदीच्या तीरावर विनोबा भावे यांचा आश्रम आहे. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ विनोबांनी पवनार येथूनच केला. आश्रमाची जमीन खणताना त्यांना जुनी शिल्पे सापडली. त्यांत राम आणि भरत यांच्या भेटीचे शिल्प आहे.

विनोबांच्या तरुणपणीचा एक प्रवासही असाच अकस्मात घडला होता. १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईला जात असता ते मध्येच सुरतेला उतरले आणि मित्रांसह थेट काशीला गेले. भूदानासाठी १९५१ साली त्यांनी पायी चालण्यास प्रारंभ केला, आणि देशभर हिंडून १९६४ साली ते पवनारला परत आले. १९८२ साली येथेच त्यांचे निधन झाले. आम्ही नदीकाठी बसलो असता चतुर्दशीचा चंद्र वर आला. धामच्या पाण्यावर त्याचे तेज हलू लागले. कोणालाच उठावेसे वाटेना. परंतु मित्राच्या आईला दिलेला शब्द आमच्या स्मरणात होता. रात्री आम्ही हिंगणघाटला परतलो.

सोमवारी उजाडताच मित्र शेतात गेला. त्याच्यापाठोपाठ आम्ही तिघेही गेलो. पोटाशी फडके बांधून बोंडांतील कापूस वेचू लागलो. काम सोपे दिसले, परंतु सुकलेल्या बोंडांची टोके बोटांना बोचत होती आणि पाठीला रग लागली. दुपारी कापूस तोलला, तेव्हा आम्हा तिघांचा मिळून कापूस त्याच्या एकट्याच्या कापसाएवढाही भरला नाही! त्याची आई हसली आणि तिने आम्हा सर्वांपुढे ज्वारीची भाकरी व ठेचा ठेवला.

नागपूरचा बेत अजून शिल्लक आहे. वेचणी संपली, की आम्ही चौघे मिळून जाणार आहोत.

स्वाध्याय

१. मित्रांनी नागपूरचा बेत का बदलला?
२. कापसापासून सूत कसे तयार होते, ते क्रमाने लिहा.
३. सेवाग्राम येथील कोणत्या दोन वस्तूंपुढे मुले बराच वेळ उभी राहिली? का?
४. तुमच्या गावापासून साठ किलोमीटरच्या आत असलेल्या, पण तुम्ही न पाहिलेल्या एका स्थळाची माहिती मिळवा व दहा ओळी लिहा.