दहाचं नाणं की यूपीआय?

प्रश्न : तांबरम स्टेशनबाहेर भाजीवाली दहाचं नाणं घेत नाही, यूपीआय घेते. खरा पैसा कोणता? – एक वाचक, तांबरम

उत्तर : दोन्ही, पण कायद्यानं अधिक भक्कम ते नाणंच. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये दहाच्या नाण्याचे सर्व १४ प्रकार वैध असल्याचं जाहीर केलं. नाणी आणि एक रुपयाची नोट भारत सरकारची; इतर नोटा रिझर्व्ह बँकेच्या. यूपीआयनं जातो तो बँकपैसा, म्हणजे बँकेनं तुम्हाला देणं असलेली रक्कम. बँक बुडाली तर त्या रकमेला विमासंरक्षण फक्त पाच लाखांपर्यंत. भाजीवालीला धास्ती एकच, पुढचं गिऱ्हाईक नाणं घेईल का? तिची भीती मला रास्त वाटते. साठलेली नाणी तिला बँकेत भरायला सांगा. कोणत्याही शाखेला ती नाकारता येत नाहीत.