पायांची आग आणि पेप्टाइडची सुई



मधुमेहाने नसा दुखावल्या की पायांची आग होते, मुंग्या येतात. त्यावर 'बीपीसी-१५७' या पेप्टाइडच्या सुया घ्याव्यात काय, असे काहीजण आम्हांस विचारतात. पाडेगावला चाचणी झाल्याशिवाय आम्ही नवे वाण लावा म्हणत नाही; इथेही तोच नियम. या सुईचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झालेले आहेत. उलट ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रेगॅबालिन या गोळ्या माणसांवर पारखलेल्या आहेत. त्यांनी गुंगी, चक्कर येते, सर्वांनाच गुण येतो असेही नाही. म्हणून डोस डॉक्टरांनीच ठरवावा. आधी रक्तातील साखर आटोक्यात आणा, बी-१२ तपासून घ्या, पाय रोज पाहा. आणि रात्रीच्या पाळीला अनवाणी जाऊ नका; बधिर पायाला उसाचा बुडखा लागला तरी कळत नाही.