कागद पांढरा, चित्र पिवळे!

रात्री पिवळ्या बल्बखाली ठेवलेला कोरा कागद आपल्याला पांढराच दिसतो. पण कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात रंगांची दुरुस्ती केली नाही, तर तोच कागद पिवळसर उमटतो. असे का व्हावे?

कॅमेरा चित्राच्या प्रत्येक बिंदूपाशी तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मोजतो. प्रत्येक माप म्हणजे दिव्याचा प्रकाश आणि वस्तूची परावर्तनक्षमता यांचा गुणाकार. दोन संख्यांचा गुणाकार १२ आहे, एवढ्यावरून त्या ३ व ४ की २ व ६, हे सांगता येईल काय? दोहोंपैकी एक तरी माहीत हवी. आपला मेंदू आजूबाजूच्या वस्तूंवरून प्रकाशाचा अंदाज बांधतो. संगणकाला मात्र त्यासाठी रीत शिकवावी लागते.

सर्वांत सोपी रीत म्हणजे दृश्यात पांढरा कागद ठेवणे. समजा, त्याची मापे तांबडे २००, हिरवे १६० व निळे १०० आली. पांढरा कागद तिन्ही रंग सारखेच परावर्तित करतो. तेव्हा हा फरक दिव्याचा. तिन्ही मापे १६० व्हावीत म्हणून त्यांना अनुक्रमे ०.८, १ व १.६ ने गुणू. आता शेजारच्या नारिंगी दिसणाऱ्या वस्तूची मापे १५०, १२०, ७५ असतील, तर हेच गुणक लावून १२०, १२०, १२० मिळतात. म्हणजे वस्तू राखाडी आहे!

कागद नसेल, तर संपूर्ण चित्राची सरासरी राखाडी असते असे गृहीत धरतात. बाजाराच्या चित्राला हे बहुधा चालते. भातशेताच्या चित्रात मात्र पिकाचा हिरवेपणाच दिव्याचा दोष ठरून पुसला जातो!

अशी गफलत दूरवरही होते. २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ यान मंगळावर उतरले. त्याच्या पहिल्या रंगीत चित्राच्या घाईच्या रंगजुळणीत आकाश निळसर दिसले. काळजीपूर्वक तपासणीनंतर ते धुळीमुळे गुलाबीसर असल्याचे कळले. २०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीवर तर माहीत असलेल्या रंगांची पट्टीच बसवली आहे. गंमत अशी, की दगड ओळखणे सोपे जावे म्हणून शास्त्रज्ञ तिची काही चित्रे मुद्दाम पृथ्वीवरच्या उजेडात दिसतील तशी करतात. त्यांत आकाश पुन्हा निळसर होते! म्हणून सुधारलेले चित्र पाहताना एक प्रश्न अवश्य विचारावा : यात प्रकाश कोणता धरला आहे?

जाता जाता एक उदाहरण : वरच्याच बल्बखाली एका वस्तूची तिन्ही मापे १०० आली. ती वस्तू कोणत्या रंगाची?