शेण खाणारे गिधाड : एका सवयीमागील शास्त्र

गावाबाहेरच्या उकिरड्यावर किंवा गुरे बसण्याच्या माळरानावर मळकट पांढऱ्या रंगाचा, पिवळ्या चेहऱ्याचा एक पक्षी सावकाश पावले टाकीत फिरताना दिसतो. आकाराने तो घारीहून काहीसा मोठा असतो. हे पांढरे गिधाड होय. मेलेल्या जनावरांचे मांस, उकिरड्यावरील टाकाऊ पदार्थ व किडे हे त्याचे अन्न. त्याचबरोबर गुरांचे शेण आणि माणसाची विष्ठाही तो खातो. या सवयीमुळे लोकांच्या मनात त्याच्याविषयी किळस निर्माण झाली आहे. तथापि, या सवयीचा शास्त्रीय अभ्यास केला असता तिच्यामागे एक निश्चित प्रयोजन असल्याचे आढळून आले आहे.

शेण उकरणे आणि शेण खाणे

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. कावळे, साळुंक्या यांसारखे पक्षी शेणाचे पो उकरताना नेहमी दिसतात. त्यांचे लक्ष शेणातील अळ्या, भुंगेरे व न पचलेले दाणे यांवर असते, शेणावर नसते. काही पक्षी मात्र प्रत्यक्ष विष्ठाच खातात. अनेक लहान पक्ष्यांमध्ये अगदी कोवळ्या पिलांची विष्ठा आईबाप गिळून टाकतात. त्यामुळे घरटे स्वच्छ राहते, आणि पिलांची पचनशक्ती अपुरी असल्याने विष्ठेत उरलेले अन्नही वाया जात नाही. शहामृगाची पिले मोठ्या पक्ष्यांची विष्ठा खातात, तेव्हा वनस्पतींचे पचन घडविणारे सूक्ष्म जीव त्यांच्या आतड्यांत पोहोचतात. पांढऱ्या गिधाडाचे कारण या सर्वांहून वेगळे आहे.

पिवळ्या रंगाचे मूळ

शेणात प्रथिने व स्निग्धांश फारच थोडे असतात. केवळ पोट भरण्यासाठी ते खाल्ले, तर पक्ष्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. मग ते का खावे? स्पेनमधील दोन्याना जीवशास्त्र केंद्राचे शास्त्रज्ञ हुआन होसे नेग्रो व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा शोध घेतला. त्यांचे निष्कर्ष २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्पेनच्या ग्रामीण भागात या पक्ष्याला ‘मोन्यिगेरो’ म्हणजे ‘शेणखाऊ’ असे नावच आहे. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या गोष्टीचे कारण या अभ्यासाने पुढे आणले.

मक्याचे दाणे, झेंडूची फुले, अंड्यातील बलक यांचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड गटातील रंगद्रव्यांमुळे येतो. ल्युटीन हे त्यांपैकी एक. ही द्रव्ये वनस्पती तयार करतात; पक्ष्यांना ती स्वतःच्या शरीरात निर्माण करता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात. कुक्कुटपालनात बलक पिवळाधमक व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क मिसळतात, तो याच कारणासाठी. मांसात ही द्रव्ये अत्यल्प असतात. गुरे मात्र हिरवा चारा खातात, आणि चाऱ्यातील ल्युटीनचा काही भाग शेणावाटे बाहेर पडतो. बंदिस्त ठेवलेल्या पांढऱ्या गिधाडांना गायीचे शेण दिले असता त्यांच्या रक्तातील या द्रव्यांचे प्रमाण वाढले. चेहऱ्याचा पिवळा रंग असा गोठ्यातून आणि माळावरून येतो.

या रंगाचा उपयोग काय? शेण खाताना जंतांचा व रोगजंतूंचा धोका पत्करावा लागतो. तो पत्करूनही जो पक्षी निरोगी राहतो, त्याचा चेहरा गडद पिवळा दिसतो. जोडीदार निवडताना हा रंग सुदृढपणाची खूण ठरत असावा, असे अनुमान शास्त्रज्ञांनी मांडले आहे.

जिंजीचे नाव धारण करणारा पक्षी

भारतात आढळणाऱ्या पांढऱ्या गिधाडाच्या उपजातीला ‘जिंजिनिआनस’ हे शास्त्रीय नाव १७९० साली देण्यात आले. ते तमिळनाडूतील जिंजी या स्थळावरून आले आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी जेथून स्वराज्याचा लढा चालविला, तीच ही जिंजी. या उपजातीची चोच पिवळी असते. पिले गडद तपकिरी असतात व काही वर्षांनी पांढरी होतात. त्यामुळे तपकिरी पक्षी निराळ्या जातीचा आहे, असा गैरसमज होतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हा फरक अवश्य दाखवावा.

गोठ्याशी जोडलेले भवितव्य

ज्या गुरांमुळे या पक्ष्याला रंग लाभतो, त्याच गुरांच्या मृतदेहांतून त्याला मरणही आले आहे. गुरांच्या वेदना व सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध गिधाडांच्या मूत्रपिंडांना घातक ठरते, हे २००४ साली सिद्ध झाले. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेले जनावर गिधाडांनी खाल्ले, तर ती काही दिवसांत दगावतात. भारतातील इतर गिधाडांबरोबर पांढऱ्या गिधाडांची संख्याही झपाट्याने घटली. २००७ पासून जागतिक पातळीवर त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते.

२००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घालण्यात आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्याने २०१५ मध्ये त्यांवरही निर्बंध आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध उपलब्ध आहे.

कायदा झाला, तरी त्याची खरी अंमलबजावणी गोठ्यातच होते. पशुपालकाने जनावरासाठी माणसांचे औषध न आणता पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा, औषधोपचार चालू असता मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे, आणि या गोष्टी ग्रामसभेत समजावून सांगाव्यात. शेण खाणारा म्हणून ज्याला हिणविले जाते, तो पक्षी गावाची घाण कोणताही मोबदला न घेता दूर करीत आला आहे. त्याचा पिवळा चेहरा माळावर दिसत राहणे, हे त्या गावच्या गोठ्यांत योग्य औषधे वापरली जात असल्याचे एक सुचिन्हच मानावे लागेल.