कोंबडीच्या पाण्याचा धडा : भांडं निवडणं आणि थंडीची तयारी
(इयत्ता 6 वी ते 8 वी, विज्ञान आणि परिसर)



मागच्या डिसेंबरात माझ्या हातून एक चूक झाली. घरच्या खुडूक कोंबडीनं नऊ पिल्लं काढली होती. सारखं पाणी भरायला लागू नये म्हणून मी खुराड्यासमोर खोलगट घमेलं भरून ठेवलं आणि शाळेत आले. संध्याकाळी पाहते तर दोन पिल्लं घमेल्यात बुडून मेलेली. तिसरं भिजून कुडकुडत होतं, तेही रात्री गेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं. सातवीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, माझी आजी परळात पाणी ठेवते आणि त्यात खडे टाकते. पिल्लू खड्यावर उभं राहतं." विज्ञान शिकवणाऱ्या बाईला जे सुचलं नाही ते आजीला ठाऊक होतं! मग आम्ही पुढचे आठ दिवस हाच धडा केला. तुमच्या वर्गात किंवा घरी करता यावा म्हणून इथे देत आहे.

1. आधी निरीक्षण

मुलांना सांगा, कोंबडी पाणी पिताना पाच मिनिटं नुसती बघा. ती गायीसारखं पाणी ओढून घेत नाही. चोच बुडवते, थोडं पाणी घेते, मान वर करते आणि गिळते. कबूतर मात्र चोच बुडवून सलग ओढतं. दोन्ही शेजारी पाहायला मिळाले तर फारच छान.

मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लीटर पाणी पिते. कडक उन्हाळ्यात हे प्रमाण दुप्पटही होतं. तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंग थंड करते, त्यात पाणी खर्च होतं. अंड्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. म्हणून पाणी तुटलं की आधी अंडी कमी होतात. "खुराक बदलला नाही, मग अंडी का थांबली?" असं कुणी विचारलं तर पहिल्यांदा पाण्याचं भांडं बघायचं.

2. भांडं कोणतं?

परळ किंवा पसरट थाळी : स्वस्त आणि धुवायला सोपी. मातीच्या परळात उन्हाळ्यात पाणी गार राहतं. दोष एवढाच की कोंबड्या त्यात पाय घालतात, माती उकरून टाकतात, विष्ठाही पडते. दिवसातून दोनदा तरी बदलावं लागतं. पिल्लांसाठी खडे हवेतच.

उलट्या बाटलीचं भांडं : घरच्या पाच-दहा कोंबड्यांना हे उत्तम. पाणी झाकलेलं राहतं आणि कड अरुंद असल्यानं पिल्लू बुडत नाही.

निपल : नळीला किंवा बादलीच्या तळाला बसवतात. चोचीनं दांडी हलवली की थेंब येतो. पाणी सगळ्यात स्वच्छ राहतं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतं. पण कोंबड्यांना सवय लावावी लागते आणि एखादं तुंबलं तर पटकन लक्षात येत नाही. रोज बोटानं दाबून पाहायचं.

उंचीचा नियम लक्षात ठेवा : थाळीची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवी, म्हणजे घाण कमी पडते. निपल त्याहून वर, मान उंचावून पोचेल इतकं. पिल्लं वाढतील तसं भांडं विटेवर चढवत न्यायचं.

3. वर्गातला प्रयोग

साहित्य : एक लीटरची प्लास्टिकची बरणी, तिच्या तोंडापेक्षा रुंद थाळी, खिळा.

कृती : बरणीच्या तोंडाच्या कडेपासून दीड-दोन सेंटिमीटरवर एक भोक पाडा. थाळीची कड या भोकापेक्षा उंच हवी. भोक बोटानं दाबून बरणी भरा, थाळी वर ठेवा आणि झटकन उलटी करा.

पाणी थाळीत येतं आणि भोक बुडालं की थांबतं! मुलं दरवेळी ओरडतात. का थांबलं? भोकातून हवा आत जाणं बंद झालं आणि थाळीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब बरणीतलं पाणी तोलून धरतो. कोंबडी प्यायली, पातळी उतरली, भोक उघडं पडलं की एक बुडबुडा आत जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं.

आता विचारा, "बरणीच्या बुडाला वरून टाचणीनं भोक पाडलं तर?" उत्तर आधी वहीत लिहून घ्या, मगच भोक पाडा. सगळं पाणी वाहून जातं. तडा गेलेलं भांडं का गळतं, तेही यातून कळतं.

4. थंडीची तयारी

आमच्या निफाड भागात पारा कधी कधी 5 अंशांच्या खाली उतरतो. द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. तरी भांड्यातलं पाणी सहसा गोठत नाही, गारठतं. मोठ्या कोंबड्या निभावून नेतात, पण पिल्लं गार पाणी कमी पितात आणि भिजली तर दगावतात. एका मुलानं उपाय सुचवला : "बाई, सकाळी बोअरचं पाणी कोमट असतं, तेच द्यायचं." बरोबर! जमिनीच्या पोटात तापमान फारसं बदलत नाही.

माझी मावसबहीण अमेरिकेत मिनेसोटात राहते. तिच्या मुलीनं परसात पाच कोंबड्या पाळल्या आहेत. तिथे जानेवारीत तापमान उणे 15 अंशांच्याही खाली जातं. व्हिडिओ कॉलवर तिनं बर्फाचा गोळा झालेलं भांडं दाखवलं. वर्गाने उपाय सुचवले आणि आम्ही एकेक तपासला.

"पाण्यात मीठ टाका." मिठानं पाणी उशिरा गोठतं हे खरं, पण तेवढं मीठ कोंबडीला विषच. बाटलीत मिठाचं पाणी भरून ती भांड्यात तरंगत ठेवतात, असंही एकानं सांगितलं. बाटलीतलं पाणी गोठणार नाही, पण ते बाहेरच्या पाण्याला ऊब देत नाही. वाऱ्यानं बाटली हलून बर्फाचा पापुद्रा मोडेल, एवढाच उपयोग.

"गोधडी गुंडाळा." गोधडी उष्णता तयार करत नाही, फक्त बाहेर जाणारी अडवते. थर्मोकोलचंही तसंच. गोठणं लांबतं, टळत नाही.

"गरम पाणी भरा." इथे गणित घाला. एक लीटर पाणी 40 अंशांवरून 0 अंशावर यायला 40 किलोकॅलरी उष्णता बाहेर जावी लागते. त्याच पाण्याचा बर्फ व्हायला आणखी 80! म्हणून मोठ्या, खोल भांड्यातलं कोमट पाणी बराच वेळ टिकतं आणि पसरट थाळी लवकर गोठते.

शेवटी यादी अशी झाली : रबराची दोन भांडी, एक बाहेर आणि एक घरात. रबरी भांडं वाकवलं की बर्फ सुटतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, त्यामुळे कडक प्लास्टिक तडकतं. निपलमध्ये थेंबभरच पाणी असल्यानं ते आधी गोठतं, म्हणून हिवाळ्यात बंद. कोंबड्या अंधारात पाणी पीत नाहीत, तेव्हा रात्री भांडं खुराड्याबाहेर. आतली ओल वाढली तर तुऱ्याला हिमदंश होतो. वीज असेल तर कोंबड्यांसाठीच बनवलेला, आपोआप चालू-बंद होणारा तापक भांड्याखाली ठेवायचा. वायर मात्र मोठ्या माणसानंच जोडायची.

5. पालकांसाठी

भांडं रोज घासा, आतला बुळबुळीत थर बोटानं तपासा. पाण्यातून लस द्यायची असेल त्या दिवशी ब्लीचिंगचं किंवा क्लोरीनचं पाणी वापरू नका, लस निकामी होते. बाकी पशुवैद्यक सांगतील तसं. आणि हे काम मुलांना द्या. रोज कुणीतरी आपल्या भरवशावर आहे, हे पुस्तकातून शिकवता येत नाही.

6. चर्चेसाठी प्रश्न

अ) तलावात बर्फ वर का तरंगतो? माशांना त्याचा काय फायदा?
आ) तुमच्या घरच्या कोंबड्यांना आठवड्याला किती पाणी लागेल?
इ) तुमच्या आजीला विचारा : पूर्वी पिल्लांना पाणी कशात ठेवायचे? का?

पुढच्या खेपेला आमच्या कोंबडीनं आठ पिल्लं काढली. एक घारीनं नेलं. पाण्यात मात्र एकही गेलं नाही. बरणी मुलांनीच बनवली होती आणि पहिले पंधरा दिवस थाळीत त्या आजीचे खडेही होते.