भाड्याची मोटार आणि आपली सही
(द्वितीय वर्ष, कला)

अठरा वर्षे पूर्ण झाली की माणसाला मत देता येते, मोटार चालवता येते आणि करार करता येतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची आपल्याला मोठी घाई असते. तिसरी आपल्या ध्यानीमनीही नसते. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात असा निर्णय दिला, की अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो. म्हणजे सतराव्या वर्षी केलेली सही कागदावरची नुसती शाई, आणि अठरा पूर्ण झाल्यावर केलेली तीच सही आपल्याला बांधून टाकते! हा फरक मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत समजला.

आम्ही पाच मित्र आजरा-आंबोलीमार्गे गोव्याला जाऊन आलो. मोटार एका मित्राच्या ओळखीतल्या गृहस्थांची होती. दिवसाला १,८०० रुपये भाडे आणि ५,००० रुपये अनामत. पाचजणांत लायसन्स माझ्या एकट्याकडे असल्याने एका साध्या कागदावर सहीही माझीच झाली. "काका, गाडीचा विमा आहे ना?" एवढा एकच प्रश्न आम्ही विचारला, आणि "फुल्ल इन्शुरन्स आहे रे, बिनधास्त जा" या उत्तराने आमचे समाधान झाले. परतताना आंबोलीला गाडी मागे घेताना मागचा बंपर आणि दिवा दगडी कठड्याला लागून फुटला. माणसाला खरचटलेही नाही. दुरुस्तीचा अंदाज निघाला १४,००० रुपये. तेव्हा काकांनी विमा कंपनीचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "भाड्याचं बोलू नकोस. माझा भाचा आहेस असं लिही, आणि खाली सही कर."

त्या फॉर्मात दोन रकाने होते. एकात चालकाचे मालकाशी नाते विचारले होते, दुसऱ्यात अपघाताच्या वेळी वाहन कोणत्या कामासाठी वापरात होते ते. हे प्रश्न का विचारतात याचा शोध घेण्यासाठी मी घरी येऊन ती पॉलिसी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. प्रस्तुत लेख त्या वाचनातून आणि पुढे चाळलेल्या कायद्याच्या पुस्तकांतून तयार झाला आहे.

खाजगी मोटारीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असे एक कलम असते. भाडे किंवा मोबदला घेऊन केलेला वापर त्यात स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. म्हणजे काकांचा 'फुल्ल इन्शुरन्स' खराच होता, परंतु तो काकांनी स्वतः किंवा त्यांच्या खऱ्या भाच्याने फुकट गाडी चालवली तर होता. आम्ही १,८०० रुपये मोजले त्याच क्षणी आम्ही त्या छत्रीखालून बाहेर पडलो होतो. गंमत अशी, की फुकट नेली असती तर बंपरचा दावा रीतसर करता आला असता.

भाड्याने देण्याची आणि भाडेकरूने स्वतः चालवण्याची मोटार कायद्याने निराळी मानली आहे. तिची पाटी काळी असते आणि तीवरील अक्षरे पिवळी. खाजगी मोटारीची पाटी पांढरी व अक्षरे काळी, टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी. (विजेवरच्या गाड्यांची हिरवी पाटी तूर्त बाजूला ठेवू.) गोव्यात रस्तोरस्ती दिसणाऱ्या त्या काळ्या पाट्या आपण अनेकदा पाहिलेल्या असतात, पण त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही. केंद्र सरकारची 'रेंट अ कॅब' योजना १९८९ सालची आहे. तिच्याखाली लायसन्स हवे असेल तर व्यावसायिकाजवळ निदान ५० मोटारी असाव्या लागतात. गावातल्या एका गाडीच्या मालकाला हा मार्ग अर्थातच मोकळा नाही. म्हणून तो पांढऱ्या पाटीची गाडी 'ओळखीने' देतो.

शिवाय हप्त्यातला फरक पाहावा. तृतीय पक्षाच्या विम्याचे दर सरकार ठरवते. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सी.सी.च्या खाजगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये पडतात. तेवढ्याच इंजिनाच्या प्रवासी भाड्याच्या मोटारीला ७,९४० रुपये, आणि वर प्रत्येक उतारूमागे ९७८ रुपये. चार उतारूंची मोटार धरली तर बेरीज ११,८५२ रुपये होते. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात का मिळते, याचे बरेचसे उत्तर या वजाबाकीत आहे. तो वाचलेला पैसा म्हणजे विमा कंपनीने न घेतलेला धोका, आणि तो चालवणाऱ्याच्या डोक्यावर येऊन बसतो.

येथे कोणी म्हणेल, बंपरच फुटला, चौदा हजारांचा प्रश्न, त्यासाठी एवढा ऊहापोह कशाला? मलाही आधी तसेच वाटले होते. पण कठड्याच्या जागी माणूस असता तर?

तृतीय पक्षाचा, म्हणजे रस्त्यावरच्या परक्या माणसाचा विमा आपल्या देशात १९४६ पासून सक्तीचा आहे. आज तो १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाखाली येतो. मृत्यू झाल्यास भरपाई कशी मोजतात ते सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिले आहे. समजा, तीस वर्षांचा एक गवंडी महिना १५,००० रुपये मिळवतो आणि घरी खाणारी चार माणसे आहेत. वर्षाचे उत्पन्न १,८०,०००. पुढे मिळकत वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले २,५२,०००. तो स्वतःवर खर्चला असता तो चौथा हिस्सा वजा केला, की राहतात १,८९,०००. या वयाला गुणक १७ आहे. गुणाकार येतो ३२,१३,०००, आणि अंत्यविधी वगैरेंची रक्कम निराळी. आमची अनामत होती ५,०००!

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांनाही प्रतिवादी करतात. परमिट नसलेली गाडी भाड्याने वापरली, हा बचाव विमा कंपनीला कायद्यानेच दिलेला आहे. अशा वेळी पुष्कळदा न्यायालय कंपनीला सांगते, की आधी पीडिताच्या कुटुंबाला पैसे द्या आणि मग ते मालकाकडून वसूल करा. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात लायसन्सच्या दोषासंबंधात सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा दाखवली. गवंड्याच्या मुलांच्या दृष्टीने हे योग्यच आहे, त्यांचा काय अपराध? पण वसुलीचा ससेमिरा मालकाच्या दारात येतो, आणि ज्याच्या हातून अपघात घडला त्या चालकाचीही जबाबदारी काही मिटत नाही. परमिटाविना वापरासाठी शिक्षेचे जे कलम आहे, तेही गाडी चालवणारा आणि चालवू देणारा अशा दोघांना लागू होते.

आता खुद्द चालवणाऱ्याचे काय? मला सर्वांत धक्का बसला तो येथे. मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ साली तो एवढा वाढवण्यात आला. परंतु तो नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तरच. २००९ च्या निंगम्मा खटल्यात एका माणसाने दुसऱ्याची मोटारसायकल मागून नेली होती आणि अपघातात तो मरण पावला. न्यायालयाने म्हटले, की गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. तो तृतीय पक्ष नव्हे. म्हणजे त्याला मालकाची ओझी मिळतात, मालकाचा विमा मिळत नाही. शेजारी व मागे बसलेल्या मित्रांचीही तीच गत होऊ शकते. गाडीवर केवळ सक्तीपुरता 'थर्ड पार्टी' विमा असेल तर फुकट बसलेल्या सोबत्यांना त्याचे संरक्षण मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर मिळते, पण त्यासाठी गाडीचा वापर पॉलिसीच्या मर्यादेत हवा.

यावर एक अगदी साधा इलाज आपल्या हाताशी आहे. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कोणालाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचा विमा मिळतो. शिष्यवृत्तीसाठी आपणा बहुतेकांची खाती उघडलेलीच असतात. दोन लाख ही रक्कम मोठी नाही हे खरे. तथापि २० रुपयांत एक चहा-वडाही धड होत नाही.

रीतसर कंपनीकडून मोटार घ्यायची तर तरुणाला निराळ्या अडचणी येतात. अनेक कंपन्या २१ वर्षांखालच्याला गाडीच देत नाहीत, आणि लायसन्स वर्षभर तरी जुने हवे असते. परदेशात ही गोष्ट उघडपणे पैशात मांडतात. अमेरिकेतील बहुतेक कंपन्या पंचवीस वर्षांखालील चालकाकडून दिवसामागे जादा आकार घेतात. आपल्याकडे विम्याचा हप्ता मुख्यतः गाडीचे इंजिन, वय, किंमत आणि नोंदणीचे ठिकाण पाहून ठरतो, चालकाचे वय पाहून नव्हे. म्हणून कंपन्या वयाचा अडसर सरळ दारातच घालतात. एकोणिसाव्या वर्षी हा अपमान वाटतो. मलाही वाटला होता आणि म्हणूनच आम्ही काकांकडे गेलो होतो.

या कंपन्या 'नुकसान माफी' नावाची एक जादा रक्कम मागतात. ती विमा नव्हे. गाडीचे नुकसान झाले तर अमुक रकमेपलीकडे आम्ही तुमच्याकडून घेणार नाही, एवढेच ते वचन असते. कागदावर नाव नसलेल्या मित्राने चालवली, किंवा चालवणारा दारू प्यालेला असला, की ते वचन संपते. "थोडा वेळ मी घेतो रे" असे घाटात म्हणणारा मित्र प्रत्येक टोळक्यात असतो. त्याला चावी देताना हे आठवावे.

फाटलेल्या बंपरकडे पुन्हा वळू. रीतसर विमा असता तरी चौदाच्या चौदा हजार मिळाले नसते. प्लॅस्टिकच्या भागांची किंमत साध्या पॉलिसीत निम्मीच धरतात, आणि लहान मोटारीला पहिले १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. शिवाय एकदा दावा केला की दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातली सूट जाते. ही सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. म्हणून पुष्कळ मालक लहान नुकसानीत विम्याकडे न जाता भाडेकरूकडूनच पैसे काढतात.

मग भाडेकरूने प्रत्येक मागणी मान्य करावी का? नाही. १८७२ चा करार कायदा येथे उपयोगी पडतो. दुसऱ्याची वस्तू आपल्या हवाली असताना शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी आपण घेतली असेल, तर नुकसानीची जबाबदारी आपल्यावर येत नाही. मात्र कागदावर तसे वेगळे कबूल केलेले नसावे. आणि वस्तू भाड्याने दिलेली असेल तर तिच्यातल्या दोषामुळे झालेल्या हानीला देणारा जबाबदार असतो, त्याला तो दोष ठाऊक असो वा नसो. ब्रेक निकामी असलेली गाडी देऊन "मला काय माहीत" असे मालकाला म्हणता येत नाही. आमच्या बाबतीत ब्रेक उत्तम होते. कठडा मला दिसला नाही, हे मी लपवीत नाही.

आता गाडी घ्यायची झाली तर मी आधी पाटी पाहीन. मग पॉलिसीची प्रत मागून तिची तारीख आणि 'वापराच्या मर्यादा' वाचीन. गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र मालकासमोर काढीन. आधार कार्ड अस्सल ठेवून येणार नाही, प्रत देईन. आणि जे जे बरोबर येणार त्या सर्वांच्या सह्या एका कागदावर घेईन, कारण सही एकाची असली की हिशेबाच्या वेळी मित्रांची स्मृती अधू होते.

काकांच्या फॉर्मवर मी सही केली नाही. वडिलांना फॉर्म वाचता आला नाही, पण मी वाचून दाखवल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "तू त्यांचा भाचा आहेस का?" काका बरेच बोलले, ओळख काढणाऱ्या मित्रालाही बोलले. अनामतीचे ५,००० त्यांनी कापून घेतले. उरलेले ९,००० पाचांत वाटले तेव्हा प्रत्येकी १,८०० आले, बरोबर एका दिवसाचे भाडे. तिघांनी दिवाळीनंतरच्या महिन्यात दिले. एकाचे अजून यायचे आहेत.